सालीचं पाणी आणि हेडसाहेबांचा उपास

आमच्या जळगावच्या कॉलेजात किस्से कचऱ्यासारखे साचतात. कचरा निदान घंटागाडी तरी नेते! त्यातले निम्मे किस्से केमिस्ट्रीच्या हेडसाहेबांचे. "केळीच्या सालीतून इंधन काढणार, पाणीही शुद्ध करणार," असं त्यांनी पेपरात छापून आणलं आणि स्टाफरूमची करमणूक सुरू झाली.

*

बातमी ऐकून भडगावकडच्या एक अक्का एसटीने आल्या. सुनेला सातवा महिना, आणि विहिरीचं पाणी गढूळ. "भाऊ, मन्हा घरले एक फिल्टर द्या ना."

"पुढच्या आठवड्यात या!" साहेब म्हणाले. कुठल्या महिन्यातल्या, ते काही बोलले नाहीत.

*

पहिली अडचण म्हणजे सालीच मिळेनात! चिप्सवाल्याच्या साली आधीच गोठ्यांना लागलेल्या. म्हशी काही उरू देतात होय? शेवटी साहेबांनी चांगली केळी आणवली आणि अख्ख्या स्टाफला खायला बसवलं.

चौथ्या केळ्याला गणिताच्या मॅडम भडकल्या. "सर, कचरा कमी पडला म्हणून आम्हाला जुंपलंत का!"

*

मग साली ड्रममध्ये आंबल्या. नाकाला रुमाल लावून प्राचार्य आले. "काय मेलंय इथं?"

"सर, हा भविष्याचा वास आहे!"

"मग खिडक्या उघडा. वर्तमान गुदमरतंय."

*

इंधन निघालं, नाही असं नाही. वाटीभर! ते काढायला गॅसचं अख्खं सिलिंडर संपलं. मी विचारलं, "साहेब, सिलिंडरच वापरलं असतं तर?"

"तुम्हा फिजिक्सवाल्यांना व्हिजनच नाही," म्हणाले. नसेल बुवा!

*

पाहुण्यांसमोर डेमो ठेवला, त्या दिवशी अक्का पुन्हा हजर, विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन. सुनेला आता नववा लागला होता. साहेबांनी त्यांना दोन महिने झुलवलेलं बघून माझं तर डोकंच फिरलं.

साहेबांनी ते पाणी सालीच्या भुकटीतून गाळलं. आत जाताना गढूळ होतं, बाहेर चहासारखं आलं! टाळ्या झाल्या. पाहुणे बाटलीतलं पाणी पीत राहिले.

साहेबांनी ग्लास अक्कांपुढे धरला. अक्कांनी तो तसाच त्यांच्याकडे सरकवला. "सूनले पाजानं शे भाऊ. पह्यले तुम्ही प्या."

साहेबांच्या हातात अर्धं खाल्लेलं केळं होतं. "अहो, पण आज माझा निर्जळी उपास आहे!"

अक्कांनी पुढची खुर्ची ओढली, ग्लास मांडीवर घेतला आणि तिथंच ठाण मांडलं.

"काही हरकत नही भाऊ. उपास सुटस तवलगून मी आठेच बससु."