मावशींची मुलाखत वाजेना

डिलाईल रोडवरचा तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाचं बोलणं डोळे मिटून ऐकतो. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर एका खानावळवाल्या मावशींची मुलाखत वाजत नव्हती आणि लेख संध्याकाळी द्यायचा होता. फाईल बिघडली असं समजून मी तीन प्लेअर बदलले होते.

त्याने सेटिंग उघडलं. "फाईल एकदम ओके आहे, साहेब. लॅपटॉप आवाज टीव्हीच्या वायरीत पाठवतोय, आणि टीव्ही जोडलेलाच नाय."

एका क्लिकवर आवाज आला. तो डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत राहिला.

"मस्त वाजतंय. पण सगळं तुम्हीच बोलताय. मावशी कधी बोलणार?"

मावशींची खानावळ पलीकडच्याच गल्लीत होती. लॅपटॉप बंद करून मी पुन्हा तिकडे गेलो.