पारावर कबूल करा, मग दुरुस्ती

मंजुषा माफ करणाऱ्यांतली नव्हेच. जऊळक्याच्या बबनरावाच्या रोपवाटिकेची वेबसाइट तिनं एकटीनं बनवली. भाजीवाले शेतकरी घरबसल्या मिरची-वांग्याची रोपं बुक करायला लागले. उद्घाटनाला मात्र बबनरावानं हार घातला भाच्याच्या, हरीओमच्या गळ्यात. 'यानंच बनवली' म्हणे! लेकीनं बनवली म्हणून तिचा बाप पुंजाजी आपल्या गावात, किन्हीराजाभर, सांगत फिरला होता. गावानं त्यालाच थापाड्या ठरवलं. रोज पारावर बसणारा माणूस घराबाहेर पडेना. हे ती विसरेल? छे!

यंदा सर्व्हरवाल्यांनी साइट ज्या संगणकी भाषेत लिहिली होती तिची नवी आवृत्ती टाकली. फोन नंबर दहा आकड्यांच्या नमुन्याशी जुळवून पाहणारी जुनी आज्ञा, 'एरेग', तिच्यात उरलीच नव्हती. ऐन हंगामात बुकिंग ठप्प. हरीओमनं अक्कल पाजळली: दिसेल तिथं जुनं नाव खोडून नवं घातलं, 'प्रेग-मॅच'. नवी आज्ञा नमुन्याच्या दोन्ही टोकांना तिरपी रेघ मागते, हे त्या दिवट्याला कुठून ठाऊक? आता साइट खऱ्या नंबरालाही खोटा म्हणायला लागली.

मग बबनराव आला हात जोडत. "मंजू, तू तं मले लेकीसारखी."

"मंग हार त्याले काहून घातला?"

"जाऊ दे ना आता. लोकं दुसऱ्याकडून रोपं घेऊन राह्यले."

"आमच्या पारावर चला. कोनं बनवली ते चार लोकांत सांगा. मंगच हात लावीन."

"पोरी, इज्जतीचा सवाल हाये."

"माह्या बापाचाही होता."

पारावर गेला बिचारा. बिचारा कसला, गरज पडली म्हणून गेला. मंजुषानं बापालाही हाताला धरून आणलं. बबनराव जमिनीकडं पाहत पुटपुटला.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मांगच्याइले आयकू नाही आलं."

"साइट मंजूनं बनवली. मी लबाडी केली. पुंजाजी खरं बोलत होता."

पुंजाजीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मंजुषाच्या काळजाला तेवढ्यापुरता गारवा मिळाला.

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि एकेका नमुन्याला दोन्हीकडून रेघा घातल्या. बुकिंग सुरू झालं. बबनरावानं घाम पुसला. "आता तरी राग गेला ना?"

"नाही," ती म्हणाली. "माहा बाप चार वर्षं घरात कोंडून होता. तुमी एका दुपारात सुटले."