बूर्बन, राय आणि सासरेबुवांचं नाक

आमचे सासरेबुवा आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत, पगार मात्र आयुष्यभर दारूच्याच जिवावर घेतला. सरकारी प्रयोगशाळेत ते केमिस्ट होते. छाप्यात धरलेल्या बाटल्या, शिवाय दूध, तेल, हळद असले नमुने त्यांच्या टेबलावर यायचे आणि भेसळ आहे की नाही ते हे सांगायचे. नाक बिघडतं म्हणून सुपारीसुद्धा खाल्ली नाही. हा माणूस तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं, त्याच दिवशी मी हॉलमधल्या व्हिस्कीच्या सगळ्या बाटल्या उचलल्या आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या वाटणीच्या खोलीत, सायकलींच्या मागे नेऊन ठेवल्या. चाळिशी उलटलेला, डॉक्टरेट झालेला माणूस मी. पण सासऱ्याचं नाक म्हटलं की हातपाय गार पडतात ते पडतातच.

मीही केमिस्टच. इथे रंगांच्या कामात आहे. ऑफिसातल्या काही जर्मन मंडळींचा व्हिस्कीचा एक गट आहे, महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी बागेत जमतो. आल्झो, म्हणजे आपलं 'तर मग', त्यांचं सगळं शिस्तीत. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या भट्टीची बाटली उघडायची, डोळे मिटायचे, एकाने व्हॅनिला म्हणायचं, बाकीच्यांनी गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचं, आणि वहीत टिपून घरी जायचं. मला ते बघून चैन पडेना. मक्याची बूर्बन गोड, पण गुळमट. राय, म्हणजे इथल्या काळ्या पावाचं धान्य, त्याची व्हिस्की मिरीसारखी तिखट, पण कोरडी. तिसरी टेक्सासकडची बार्लीची सिंगल माल्ट, मेस्किट नावाच्या लाकडाच्या धुरातली, ती नुसता धूरच. म्हटलं, तिघींना एकत्र आणून बघू. गटातल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो. हेच लोक चांगल्या वाइनमध्ये सोडा ओतून अर्ध्या लिटरच्या ग्लासातून पितात, पण ते असो.

नागपूरला आईची वेगळीच तक्रार. आम्ही बौद्ध. पंचशीलातलं पाचवं शील नेमकं मद्याबद्दल आहे आणि आई ते रोज सकाळी म्हणते. मी फोनवर तिला म्हटलं, "आई, मी पीत नाही, तपासतो." ती म्हणाली, "तपासून झाल्यावर थुंकतोस की गिळतोस, तेवढं सांग." तेव्हापासून मी थुंकतो. बहुतेक वेळा.

आता मूळ दुखणं सांगतो. आमचं लग्न रजिस्टर. बायको ब्राह्मणाघरची. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्या घरी बोलणी करायला गेलो, हॉलमध्ये चहाचा कप धरून बसलो होतो, आणि आतल्या खोलीत सासरेबुवा आपल्या भावाशी फोनवर बोलत होते. त्यातला एकच शब्द दाराबाहेर आला. भेसळ. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर शिवी समजून सोडून दिलं असतं. पण ह्यांच्या त्या शब्दावर खटले उभे राहायचे, माणसं आत जायची. तो शब्द माझ्या मनात बसला तो बसलाच. लग्नाला ते आले नाहीत. पुढे नात झाली, सासूबाई गेल्या, येणंजाणं सुरू झालं, तरी माझ्याशी थेट बोलणं नाही. मी समोर बसलेलो असतानाही बायकोला म्हणायचे, "ह्यांना विचार, मीठ हवंय का." मीही कमी नाही. मीही तिलाच सांगायचो, "हवंय म्हणावं." मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तो शब्द त्यांनी परत घ्यावा, माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलून. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

सासरेबुवा आले, आणि दुसऱ्याच दिवशी रिकामी बॅग ठेवायला बायकोबरोबर केलरमध्ये उतरले. वर येऊन माझ्यादेखत तिला म्हणाले, "ह्यांना सांग, सायकलींच्या मागे एका बाटलीचं बूच गळतंय. मक्याची आहे ती." मी मान खाली घालून पोळी खाल्ली. मग जाऊन बघितलं, तर बूच खरंच गळत होतं.

म्हणजे लपवण्यासारखं काही उरलं नाही. पुढच्या रविवारी मी खिडकीजवळच्या टेबलावर बाटल्या, मेजरिंग सिलिंडर, ड्रॉपर असा सगळा संसार मांडला. कारखान्याची सवय, म्हणून ढवळायला एक मॅग्नेटिक स्टिररसुद्धा आणला होता. सासरेबुवा लांबच्या खुर्चीतून बघत होते. शेवटी बायकोला म्हणाले, "हे काय, घरातच भेसळ करतात वाटतं?"

तोच शब्द, तोच आवाज. माझे कान तापले. बायको भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला. आमची लेक आठ वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "वास हाइस्ट भेसळ?" म्हणजे भेसळ म्हणजे काय.

"आजोबांनाच विचार," बायको म्हणाली. "त्यांचा विषय आहे."

सासरेबुवांनी घसा साफ केला. नातीने विचारलं की त्यांच्यातला सरकारी माणूस जागा होतो. म्हणाले, "लेबलवर एक आणि आत दुसरं, त्याला भेसळ म्हणतात. नुसतं मिसळणं म्हणजे भेसळ नव्हे. फसवून मिसळणं म्हणजे भेसळ."

लेक उठली, टेबलापाशी आली आणि मी चिकटवलेली चिठ्ठी वाचली. पाच भाग बूर्बन, तीन भाग राय, एक भाग धुराची माल्ट. "श्टेट डोख ड्राऊफ," ती म्हणाली.

"काय म्हणतेय?" सासरेबुवांनी विचारलं.

"लिहिलंय की वर, म्हणतेय," बायकोने सांगितलं.

"लिहिलंय? मग नाही," सासरेबुवा म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले. मी वाट बघत राहिलो. वाटलं, माणूस काहीतरी आठवून परत येईल. आतून फक्त एक शिंक ऐकू आली.

त्यानंतरच्या बुधवारी बायको हायडेलबर्गला तिच्या इन्स्टिट्यूटमध्ये, लेक शाळेत, आणि माझं होमऑफिस. घरात आम्ही दोघंच, मधे दुभाषी नाही. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून दोघं वावरत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी मिश्रण काढलं. छोट्या भट्ट्यांचा माल कडक असतो, त्यात बेताने पाणी घालावं लागतं. मी मीटिंगच्या घाईत होतो. स्टिरर लावला आणि नळाचं गार पाणी सरळ ओतलं.

"अहो, थांबा. एकदम नाही."

मी मागे वळून बघितलं. मागे बायको नव्हती, कुणीच नव्हतं. म्हणजे हे मलाच होतं.

तोवर व्हायचं ते झालं होतं. मधासारखा रंग गढूळ झाला होता. मी डॉक्टरेटवाला, रंग मिसळण्यात वर्षं घालवलेला, आणि ह्या व्हिस्क्या न गाळता भरतात, त्यातली तेलं एकदम पाणी पडलं की वर येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्याकडे मिश्रण म्हणजे मोटर लावायची आणि ढवळायचं, संपलं. सासरेबुवांनी स्टिररचं बटण स्वतः बंद केलं. "हे यंत्र उचला इथून. पाणी घरातल्या हवेइतकं कोमट हवं. चमचाभर घालायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड बघायचं नाही."

मग त्यांनी नव्या मिश्रणासाठी तिन्ही मूळ बाटल्या मागितल्या. प्रत्येकीचा एक थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायची. जिभेला स्पर्श नाही. बूर्बनला म्हणाले, "बरी आहे, लाड फार झालेत." रायला नुसतं हूं. तिसरीला मात्र थांबले. पुन्हा हुंगलं. "वेडी बाभूळ," ते म्हणाले.

मी म्हटलं, अमेरिकेतून आलेली बाटली आहे, तिथे कुठली बाभूळ.

"मला शिकवू नका. हातभट्टीवर छापा घालायला मला बरोबर न्यायचे, तेव्हा ह्याच लाकडाचा धूर कपड्यांना महिनाभर असायचा."

मी मीटिंग चालू असताना हळूच शोधलं. मेस्किट आणि आपल्या ओढ्याकाठची वेडी बाभूळ एकाच कुळातली, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. इंटरनेटने त्यांच्या नाकाला दुजोरा दिला, ह्यात कौतुक इंटरनेटचं, असं त्यांचं मत दिसलं.

तिथून पुढे माझ्या होमऑफिसच्या प्रत्येक दुपारी आमचं काम चाललं. मला ते आवडायला लागलं आणि त्याचा मला रागही यायचा. ज्या माणसाला मी अकरा वर्षं पाण्यात पाहिलं, त्याच्याच हुकमाने मी चमच्याचमच्याने पाणी घालत होतो. बोलणं थेट व्हायचं, पण व्हिस्कीपुरतं. रात्री जेवायला बसलो की पुन्हा बायकोमार्फत मीठ. ती एकदा म्हणालीही, "तुम्ही दोघं मला पोस्टमनचा पगार तरी द्या."

राय कमी करून माल्ट अर्ध्यावर आणायचं ठरलं. मिसळून झाल्यावर बाटली काही आठवडे नुसती ठेवून द्यायची असते. जर्मनमध्ये त्याला फेरमेलुंग म्हणतात. मी चिठ्ठीवर तसं लिहिलं. सासरेबुवांनी अर्थ विचारला.

"लग्न," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. रजिस्टर की वैदिक, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. "किती दिवस ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"एकमेकांत मुरेपर्यंत."

"तसं नियमात बसत नाही. आकडा लिहा." मी सहा आठवडे लिहिलं.

सहा आठवडे झाले तो त्यांचा निघायचा दिवस होता. सकाळचे दहा वाजले होते, विमानतळाची गाडी दुपारी. बायको त्यांच्या बॅगेत लेकीने काढलेलं चित्र कुठे बसवावं ह्या विवंचनेत आत होती. मी बाटली उघडली, त्यांच्या तळहातावर एक थेंब टाकला. त्यांनी हात चोळले. बराच वेळ ओंजळ नाकाशी होती. मी परीक्षेतल्या पोरासारखा उभा.

"जमलंय," ते म्हणाले. "कुठलीच दुसरीला दाबत नाही."

मी थँक्यू म्हणालो. हात अजून तसेच धरून, माझ्याकडे बघत ते म्हणाले, "नोकरीत मी नमुना न उघडता कधी रिपोर्ट दिला नाही. एकदाच दिला. घरात. तुम्ही हॉलमध्ये बसला होतात. तुम्हाला ऐकू गेलं हे मला तेव्हाच कळलं होतं."

अकरा वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली, आणि ते आलं तेव्हा मला आनंद झाला नाही. राग आला. सरळ, स्वच्छ राग. कळलं होतं, तर अकरा वर्षं मीठ कशाला विचारत होतात बायकोकडून? उत्तरं माझ्याकडे मराठीत, इंग्रजीत आणि अलीकडे जर्मनमध्येही तयार होती. पण मी एवढंच म्हणालो, "मग आता नवा रिपोर्ट द्या."

"मला देता येत नाही," ते म्हणाले. "पहिल्या रिपोर्टवर तक्रार आली की दुसरा नमुना त्याच माणसाकडे जात नाही. दुसरीकडे जातो. आता रिपोर्ट तुम्ही द्यायचा. माझ्यावर."

मग त्यांनी बेसिनवर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, आणि आम्ही त्यांना विमानतळावर सोडून आलो.

ते आता दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करतात. माझ्या नंबरवर. तब्येत, हवा, नात, पुढची बाटली कुठली, सगळं विचारून होतं. मग दोघांकडचं बोलणं संपतं तरी ते फोन ठेवत नाहीत. स्क्रीनवर तसेच बसून राहतात, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मला कळतं ते कशाची वाट बघतात. काय लिहायचं तेही माझं केव्हाच ठरलंय. तरी मी म्हणतो, चला, ठेवतो, आणि ठेवतो. अजून मी सही केलेली नाही.