पेन्सिलीचे स्वल्पविराम

आमच्या नगरच्या चर्चच्या कॉयरमध्ये कागदावरच्या खुणा वाचता येणारी चार-पाचच माणसं आहेत. त्यांतली मी एक, आणि याचा मला भलताच तोरा होता. ‘पी’ दिसला की हळू, ‘एफ’ दिसला की मोकळ्या गळ्यानं. सुरावर डोळ्यासारखी खूण असली की कॉयर बसवणाऱ्या सरांचा हात खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. आणि ओळीच्या वर स्वल्पविराम असला की श्वास. तो वाक्य संपतं तिथं असतो, मध्येच कुठंही नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

यंदा नाताळच्या गीताच्या झेरॉक्सवर सरांनी पेन्सिलीनं वाटेल तिथं स्वल्पविराम मारले होते. कुठं कुठं तर दोन-दोन शब्दांवर. चांगल्या गीताची पार खांडोळी. मी सगळ्यांसमोर विचारलं, “सर, इथं श्वास कोण घेतं?”

सर निवृत्त शिक्षक, आवाज कधी चढवत नाहीत. “आपण घेतो,” म्हणाले आणि पेटीकडे वळले. माझं डोकं फिरलं.

शेवटच्या सरावाला मी लवकर गेले आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या सहाही प्रतींवरचे ते स्वल्पविराम खोडरबरानं पुसून टाकले. रांगेतल्या बायकांना सांगितलं, थांबायचं नाही, माझ्यामागून या.

आम्ही थांबलो नाही. मागची रांग गोंधळली आणि आमच्यामागे धावत सुटली. चौथ्या ओळीला मागून एक सूर तुटला. वळून पाहिलं तर मागच्या रांगेत गाणारी माझी आई बाकाला धरून उभी, तोंड उघडं, आणि श्वास काही आत जात नव्हता.

मी जागच्या जागी थिजले. पण खरा धक्का पुढेच होता. मागच्या रांगेतलं कोणीच दचकलं नाही. शेजारच्या मावशींनी आपल्या पर्समधून दम्याचा पंप काढून आईच्या हातात दिला आणि तिनं तो सराईतासारखा ओढला. माझ्या आईचा पंप दुसऱ्या बाईच्या पर्समध्ये. मी तिच्याबरोबर एका घरात राहते, आणि मला पत्ता नाही. जिन्यात मध्येच थांबून ती शेजारणीची चौकशी करायची, त्याला मी बडबडेपणा समजत होते.

सर एवढंच म्हणाले, “दिवाळीपासून आहे. तुम्हाला सांगू नका, असं त्यांनीच म्हटलं होतं.”

परतताना रिक्षात मी आईवर ओरडले. काही हक्क नव्हता, तरी ओरडले. ती मूळची पाथर्डीकडची, नगरात चाळीस वर्षं काढूनही बोली तीच.

“तुला सांगितलं आस्तं तर तू मला घरी बसवलं आस्तंस,” ती म्हणाली. “सर म्हनले, समदेच थांबले तर कुनाला कळायचं न्हाई. मला गायचं हाय.”

बसवलंच असतं. उद्यापासून घरी बस, हेच माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांकडून सहाही प्रती मागून आणल्या आणि आईची प्रत समोर ठेवून एकेक स्वल्पविराम परत मांडायला बसले. आईनं खांद्यावरून पाहिलं.

“पेनानं कशाला?” ती म्हणाली. “पुढल्या वर्षी मी नसले तर खोडायला लागल.”

उरलेल्या पाच प्रतीही मी पेनानंच केल्या.