चौकट घेऊन चारकोप ते मुलुंड

ये गो सुमन, जवळ सरकून बस आणि हे सगळं नीट वाच. फोनवर ‘येते, येते’ म्हणतेस आणि येत नाहीस. आपली आक्का गेली तेव्हाही दोन दिवस टेकलीस आणि पोफळींना पाणी घालायचंय म्हणून निघालीस. पोफळी काय कुठे पळून जाणार होत्या? बरं, रागावत नाही. एका दिवसात मी चारकोपहून मुलुंडपर्यंत जाऊन आले, तेवढं तुला सांगायचंय. शेजारणींनाही वाचून दाखव. त्यांना मुंबई म्हटली की नुसता समुद्र आणि उंच इमारती वाटतात.

निघाले होते आक्काच्या साड्यांसाठी. तिच्या रोजच्या सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या, मुलुंडला तिच्या कपाटात होत्या. गोधडी शिवावी असं आधी मनात होतं, पण मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि ओवलाच तर टाका भलतीकडे पडतो. मग मोबाइलवर एक बाई चौकटीच्या मागावर विणताना दिसली. चार लाकडी पट्ट्या, वर-खाली खिळे, खिळ्यांवरून ताणलेले उभे दोरे (त्यांना ताणा म्हणतात) आणि त्यांतून बोटांनी एकाआड एक काढायच्या कापडाच्या पट्ट्या. ना सुई, ना बारीक नजर. मी तेच पुन्हा पुन्हा लावून शिकले. वर्षश्राद्धाला पाटावर आक्काच्या फोटोखाली तिच्याच साड्यांचं आसन घालायचं, एवढं ठरवलं. ती गेल्यापासून मी ठरवलेली ही एकच गोष्ट. बाकीचे दिवस कसे गेले विचारू नकोस. चहा ठेवायचे आणि आटून जाईपर्यंत बघत उभी राहायचे.

तिची एक साडी तुझ्याकडेही आहे, आठवतं ना? हिरवी, तुझ्याकडे विसरलेली. फणसपोळीवर माश्या बसू नयेत म्हणून तू ती अंगणात घालतेस. आक्का हसायची त्यावर. म्हणायची, “मी मुंबईत बसून खाते, माझी साडी गावात राबते.”

पहिला मुक्काम घराजवळच, चारकोपच्या कारखान्यांच्या गाळ्यांत. तिथे एक सुतार आहे. पॉलिशच्या वासाने डोकं धरतं. चौकट तयार होती.

“मावशी, फोटोला काच पण लावून देऊ?”

“फोटो नाही रे, माग आहे. कापड विणायचा.”

“मग मशीन कुठंय?”

मी दोन्ही हात पुढे केले. तो हसला. चौकटीचा एक कोपरा उचललेला होता, लादीवर ठेवली की डुगडुगायची. म्हणाला, “दोरे ताणले की बसेल बरोबर.” मग एका जांभळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या फडक्याने भुसा पुसून दिला आणि खिळ्यांची पुडी हातात ठेवली. चौकट घरी ठेवून निघायला हवं होतं. पण मला माझं माहीत आहे. घरी गेले असते तर पुन्हा बाहेर पडले नसते.

मेट्रोच्या तपासणीत पिशवी अडली. वर्दीतली मुलगी विचारते, “खिळे कशाला, आजी?”

“विणायला.”

“खिळ्यांनी? माझी आई सुयांनी विणते.” तिने दुसरीला बोलावलं, दोघींनी चौकट उलटीपालटी केली, शेवटी ‘जा’ म्हणाल्या.

मध्ये गाडी बदलून वर्सोव्याला उतरले आणि रिक्षाने कोळीवाड्यात गेले. तिथे तरी ताण्यासाठी सुती दोरा मिळेल अशी आशा. बांबूंवर बोंबील वाळत होते, वास तुझ्या ओट्यावरचाच. एक कोळीण दारात जाळं सांधत बसली होती.

“सुती दोरा? तो आता कुठं मिलतो, बाय? माज्या सासऱ्याच्या वेलेला होता. आता सगला नायलॉन. कुजत नाय, तुटत नाय. पन जालं कुनासाठी?”

“जाळं नाही. बहिणीच्या साड्यांचं आसन विणायचंय.”

“बहीन कुठं हाय?”

“गेली.”

ती आपल्याच रिळावरचा दोरा कोपराला गुंडाळत गेली, बराच गुंडाळला. “गाठ दोनदा मार,” म्हणाली. “नायलॉनची गाठ सुटते.”

तिथून परत मेट्रोने घाटकोपर. वरून सगळी छपरंच छपरं, निळी ताडपत्री घातलेली, आणि ताडपत्री उडू नये म्हणून वर टायर ठेवलेले. माणूस एक दिसत नाही. उतरल्यावर हांडवो खाल्ला (डाळ-तांदळाचं जाड थालीपीठच म्हण, वर तीळ). बरा असावा. मला कशाचीच चव लागत नाही गं हल्ली. बाकावर चौकट गुडघ्यांशी धरून बसले होते, तर शेजारचा गृहस्थ म्हणतो, “आजी, आरसा फुटला काय?”

“काच घालायची राहिलीय,” म्हटलं. पुन्हा सगळं सांगायला जीव नव्हता.

बस भांडुपपुढे रखडली, रस्ता खणलेला. मुलुंडला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आक्काच्या गॅलरीतून डोंगर दिसतो ना, तो वाळून तपकिरी झाला होता. तिची खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर आता कुंडी ठेवलीय.

वैशालीने, आक्काच्या सुनेने, पाणी दिलं. मी चौकट भिंतीला टेकवली आणि कपाटाचं बोलले.

“मावशी, आधी फोन करायचात ना.”

“का गं?”

“आईंच्या साड्या बोहारणीला दिल्या. दिवाळीच्या आधीच.”

ती आत गेली आणि मोठं स्टीलचं पातेलं घेऊन आली. “आईंना केव्हापासून हवं होतं, सणाच्या खिरीला. म्हणून हेच घेतलं. नावही घालून आणलं.” काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, ‘कै. सुलोचना’. ती म्हणाली, “साड्या काय, विरून गेल्या असत्या. हे राहील. त्यांचं नाव रोज हाताखालून जातं.”

तिने आपल्या परीने आक्का जपलीच होती. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. गार. आक्काच्या पदराला फोडणीचा आणि कापराचा वास यायचा. पातेल्याला कसला वास येणार?

“ती बोहारीण पुन्हा कधी येते?”

“तिचा नेम नसतो, मावशी. आणि साड्या कुठल्या राहतात तिच्याकडे? बऱ्यातल्या धुऊन, इस्त्री करून विकतात. विरलेल्या चिंध्यांत जातात, कारखान्यांत. मशीन पुसायला.”

बोलता बोलता ती रडायला लागली. मग तिलाच जवळ घेतलं. माझं रडू कुठे अडकलंय, मला ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर चौकट मांडीवर होती आणि डोळ्यांपुढून सुताराच्या हातातलं ते जांभळं फडकं हलेना. तेही साडीचंच होतं. सकाळी मी ते बघितलं आणि मला काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले त्याच्याकडे. “फडकी बघू दे,” म्हटलं. त्याने कोपऱ्यातलं पोतं दाखवलं, “बघा, मावशी. काय हरवलं?” मी खाली बसून सगळं पोतं उपसलं. फुलांच्या, चौकड्यांच्या, काठ फाडून काढलेल्या साड्या, तेलाने माखलेल्या. आपल्या आक्काची एकही नव्हती. असायची कशी? पण प्रत्येक चिंधी कुणीतरी निऱ्या घालून नेसलेली होती. मी एकही उचलली नाही. पोतं परत भरून दिलं.

आता खोलीत चौकट उभी आहे. खिळे ठोकले, कोळिणीने दिलेला दोरा ताणला, गाठी दोनदा मारल्या. कोपरा अजून डुगडुगतोच. दोऱ्यांतून पलीकडची भिंत दिसते. रोज समोर बसते आणि बोटं नुसती मांडीवर ठेवते. मुलगा म्हणतो, “आई, बाजारातून नवीन कापड आणतो ना.”

सुमन, ती हिरवी साडी आता अंगणात घालू नकोस. धुऊही नकोस, फणसाचे डाग पडलेले असोत. एका साडीचं पुरतं आसन होणार नाही, वीतभर होईल फार तर. त्यावर फोटो मावायचा नाही. तरी घेऊन ये. पट्ट्या तू फाड, माझ्याने ते होणार नाही. पोफळींना पाणी शेजारीण घालील.

या आठवड्यात ये गो. मी दार लोटूनच ठेवते.