कथेतला नेता नानांना आवडला

मंडळी, दुपारी धुळ्यात आमच्या वाचक मंडळात माझी नवी कथा वाचली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

कथेत इतिहास वेगळाच घडतो. इंग्लंडमध्ये कट्टर राष्ट्रवाद्यांची सत्ता येते, पण त्यांना साम्राज्य नको असतं. परक्यांशी संबंधच नको, ज्यानं त्यानं आपल्या देशात राहावं, असं म्हणत ते हिंदुस्थानातून सैन्य परत बोलावतात. आपण लवकर स्वतंत्र होतो. पण तोच पक्ष लंडनमधल्या आपल्या खलाशांना आणि दुकानदारांना बायकापोरांसकट बोटीत कोंबतो.

वाचन संपल्यावर पहिली टाळी नानांची. नाना निवृत्त शिक्षक, बोलणं अस्सल अहिराणी.

"झकास! असा नेता आपलाकडे जोयजे!" म्हणजे, असा नेता आपल्याकडे पाहिजे.

सगळे हसले. मी म्हटलं, "नाना, त्यानं आपल्याच माणसांना हाकललं की हो."

"पन इंग्रज तर गयात ना?"

पुन्हा टाळ्या. मी पुढे काही बोलणार तोवर चहा आला.

उतरताना जिन्यात रुखसाना भेटली. माझ्या कथा तीच टाइप करते. जन्मापासून धुळ्यातच राहते. म्हणाली, "ताई, टाइप करताना मला त्या नेत्याची भीती वाटली होती. वाटलं, ऐकणाऱ्यांनाही वाटेल."

मी तिचा हात धरला.

कथा दिवाळी अंकाला द्यायची आहे. माझं लिहिणंच फसलं, की मी माझ्या माणसांना ओळखलंच नव्हतं? खरं सांगा, तुम्ही तिथे असता तर टाळी वाजवली असती?