ताईची फुलं आणि दवाखान्याचा कागद

विकत आणलेलं फूल आमच्या घरात कधी आलं नाही. पैशांची अडचण होती असं नाही. मी तहसील कचेरीत लिपिक, ताई अंगणवाडीत, आणि खाणारी तोंडं दोनच. पण ताईचा तो नेमच होता. मोहाडीच्या आठवडी बाजारात झेंडूच्या ढिगासमोर माझा पाय रेंगाळला, की ती दंडाला धरून मला पुढे ओढायची. "झाडाखाली फुकट पडून राहिले ना फुलं, मंग पैसे कायले टाकाचे?" असं ती त्या फुलवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर चारच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न झालं नाही. केलं नाही म्हणा, जमलं नाही म्हणा, आता सगळं सारखंच. दोघींचा संसार बरा चालला होता. मी हिशेबी, नेमकी, तोंडानं जरा तिखट. ती हौशी.

फागुन लागला की तिच्या अंगात यायचं. सकाळी अंगणवाडीला जाताना रिकामी पिशवी घेऊन जायची आणि येताना भरून आणायची. काटेसावरीची जाडजूड लाल फुलं ती आईच्या पितळी परातीत पाण्यावर सोडायची. एरवी त्या परातीत कणीक मळली जायची, पण फागुन-चैतात माझ्या पोळ्यांना ताटलीवर भागवावं लागे. करंजाच्या बारीक फुलांची ती दारात रांगोळीसारखी नक्षी काढायची. करंजाचं झाड आमच्या कचेरीच्या आवारात होतं आणि त्याखाली उभ्या केलेल्या गाड्यांवर फुलांचा थर साचायचा. ती फुलं आणायचं काम माझ्याकडे. जेवणाचा डबा रिकामा झाला की मी इकडेतिकडे बघून साहेबाच्या गाडीच्या सीटवरची फुलं त्यात लोटून घ्यायची. सगळी कचेरी हसायची.

पण तिचं खरं काम म्हणजे बोरीची फांदी. वाळलेली, भरपूर काट्यांची एक फांदी ती शोधून आणायची. बांधीतली, म्हणजे धानाच्या वावरातली चिकणमाती भिजवून तिचा गोळा जुन्या डालड्याच्या डब्यात बसवायची आणि त्यात फांदी रोवायची. मग एकेका काट्यावर एकेक पळसाचं फूल, देठाकडून हलकेच टोचून. तासाभरात मेलेल्या फांदीला बहर यायचा. दोन दिवसांनी फुलं काळी पडली की ती काढायची, नवी लावायची. आल्यागेल्याला वाटायचं, कुठून तरी महागाचं काही आणलंय. खर्च शून्य, आणि वरून घरभर मुंग्या.

"रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी," मी म्हणायची.

"हौसेले मोल नाई वं," ती म्हणायची. "तू आपले कागद पाह."

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर ती थकायला लागली. अंगावर निळे डाग उठू लागले, दात घासताना रक्त येऊ लागलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथं कळलं, रक्ताचा कॅन्सर. पुढचे अडीच महिने मी एसटीत, दवाखान्याच्या बाकावर आणि रजेच्या अर्जांत घालवले. रजा संपल्या तेव्हा नागपुरात राहणारा आमचा मामेभाऊ तिच्याजवळ थांबला आणि मी कचेरीत परत रुजू झाले. फागुन अर्धा सरला होता. तिला घरी सोडणार असा त्याचा फोन आला, आणि माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं.

मी आयुष्यात कधी फूल लावलं नव्हतं. ती येणार त्या दिवशी बिनपगारी अर्धी रजा टाकली. पहाटेच धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या पळसाखाली जाऊन पिशवी भरली, बोरीची फांदी शोधली, माती आणली. परात घासून चकाचक केली आणि तिच्यात काटेसावर सोडली. दारात करंजाची नक्षी काढली. ती एका बाजूला फुगली, दुसऱ्या बाजूला आटली. फांदी तर काही केल्या सरळ उभी राहीना. बोटं रक्तबंबाळ झाली. पण तिच्या पलंगाच्या उशाशी तो डबा ठेवला आणि दारात उभं राहून पाहिलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. ती घरी येतेय, म्हणजे बरी होतेय, एवढंच मला कळत होतं.

दुपारी गाडी आली. आधी मामेभाऊ उतरला. दारातली फुलं पाहून तो तिथंच थांबला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"हे सगळं काढा लागते," तो म्हणाला.

दवाखान्याचा कागद होता. गर्दी नको, कच्चं काही खायला नको, पाणी उकळूनच द्यायचं. आणि खाली एक ओळ: खोलीत फुलं, कुंड्या, माती, साचलेलं पाणी ठेवू नये. तिच्या रक्तात आता जंतूंशी लढायला काही उरलेलं नाही, साध्या फुलापाण्यातूनही लागण होऊ शकते, असं त्याला डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं.

"फोनवर सांगता नाई आलं का तुले?" मी त्याच्यावर ओरडले. "वरातीमागून घोडं घेऊन आला!"

"मले तरी कालच देला कागद. तू फुलं लावून ठेवशीन असं मले काय माहीत?"

त्याचंही खरं होतं. मी फुलं लावीन असं कोणालाच वाटलं नसतं. मी पदर खोचला आणि दहा मिनिटांत सगळं उपसलं. परात मोरीत पालथी केली, डबा मातीसकट कुंपणाबाहेर फेकला, दारातली नक्षी झाडून काढली आणि फिनाईलनं फरशी पुसली. ताई तोंडाला मास्क लावून गाडीत बसली होती आणि काचेतून सगळं पाहत होती. आत आणून निजवलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं केलं होतं वं. फांदी जराशी वाकडी होती." मी चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्या दिवसापासून तो कागद माझ्या घरचा कायदा झाला. कपाटाच्या दारावर मी तो चिकटवला. माझी सगळी नोकरी कागदाप्रमाणे वागण्यात गेली. त्यावर लिहिलंय तर लिहिलंय, त्यात काना-मात्रा इकडेतिकडे नाही. शेजारीण वाटीभर मोगरा घेऊन आली, तिला मी फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्या एकीला केसातला गजरा बाहेर काढून ठेवायला सांगितला, ती पुन्हा आली नाही. पाणी वीस मिनिटं उकळायची. दाराच्या कड्यासुद्धा पुसायची.

ताईनं औषधाबद्दल कधी तक्रार केली नाही. तोंडात फोड आले, केस गेले, तिनं हूं की चूं केलं नाही. पण रोज सकाळी ती एकच विचारायची.

"परसा फुलला का?" पळसाला ती परसाच म्हणायची.

"फुलला."

"एक त आन."

"कागदात नाई बसत."

तिच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची काळी टाकी दिसायची, बाकी काही नाही. ती त्या टाकीकडे बघत पडून राहायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून एका रविवारी मी रंगीत कागद आणून फुलं कातरली आणि दोऱ्यात ओवून भिंतीला लावली. तिनं मान वळवून पाहिलं. "कागदाले काय पाहू? तू त दिवसभर कागदच पायते," असं म्हणून ती पुन्हा टाकीकडे वळली. मला राग आला. मी तिच्यासाठी मरमर मरतेय आणि ही मला टोमणे मारतेय, असं वाटून त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोललेही नाही. तेव्हा कळायला हवं होतं, तिच्यावर रागवायला माझ्याकडे फार दिवस नव्हते.

वीस दिवस मी असे काढले. मग तिनं जेवण सोडलं. सोडलं म्हणजे घास तोंडात घ्यायची आणि तसाच धरून ठेवायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या सकाळी ती म्हणाली, "एक दिवस फांदी ठेव वं. एकच. मंग फेकून दे."

मी ऐकलं. लोकांना सांगताना मी म्हणते, मला दया आली. खरं सांगायचं तर मी थकले होते. रोज नाही म्हणायला जी ताकद लागते ती संपली होती.

जमेल तेवढी काळजी घेतली. खाली पडलेली फुलं घेतली नाहीत, झाडावरची ताजी तोडली. उकळून गार केलेल्या पाण्यात एकेक फूल बुडवलं. फांदी साबणानं घासली. मातीऐवजी स्टीलच्या डब्यात तांदूळ भरून त्यात रोवली. फुलं मीच टोचली, तिला काट्याजवळ हात आणू दिला नाही. ती उशीला टेकून हुकूम सोडत होती, "तो खालचा रिकामा राह्यला. नाई, तिकडचा. हाव, तो." हे सगळं चाललं असताना एका फुलाची मखमली मागची बाजू तिनं गालावरून फिरवली. मी पाहिलं आणि फिरवू दिलं. त्या दिवशी तिनं वाटीभर मऊ वरणभात खाल्ला. मला वाटलं, जिंकलं.

एक दिवस म्हटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी ती फांदीकडे तोंड करून झोपली होती, म्हणून राहू दिली. तिसऱ्या दिवशी काढली. त्याच दुपारी तिचं अंग तापलं. संध्याकाळपर्यंत तिला थंडी वाजू लागली. भंडाऱ्याहून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही झालं होतं का? गर्दी, बाहेरचं खाणं, फुलं, माती?"

मी म्हणाले, "काही नाही. कागदात होतं तसंच ठेवलं."

ताई स्ट्रेचरवर होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तिनं मला खोटं पाडलं नाही. डॉक्टर म्हणाले, लागण कशाची आहे ते पाहायला रक्त तपासणीला दिलंय, त्याला दोन-चार दिवस लागतात. चौथ्या दिवशी ताई गेली. अहवाल घ्यायला कोणी थांबलं नाही.

तेरवीच्या दिवशी मामेभावानं मला बाजूला घेतलं. दवाखान्यातून सोडतानाच डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, औषध लागू पडत नाही, दोन महिने, फार तर तीन. "तुले सांगून काय फायदा होता? तू आणखी खचली असती. तशीही ते जाणारच होती," तो म्हणाला. त्याला वाटलं, त्यानं माझं समाधान केलं. म्हणजे मी चिकटवलेला तो कागद तिला बरं करण्यासाठी नव्हताच. तिच्याजवळ मोजून दोन महिने होते, आणि त्यातले वीस दिवस मी तिला पाण्याची टाकी दाखवली.

याला आता वर्ष झालं. पुन्हा फागुन आलाय. कचेरीतल्या गाड्यांवर करंज पडतोय आणि शिपाई तो फडक्यानं झटकतो. शेजारणीनं परवा विचारलं, ताईसारखं काही करणार का यंदा? मी म्हटलं, मला येत नाही. मला घरात फूलच बघवत नाही, हे तिला कसं सांगू.

गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. कामानिमित्त तो त्या दवाखान्यात गेला होता. ताईचा शेवटचा रक्ताचा अहवाल तिथं अजून आहे, नातेवाइकांनी सही केली की मिळतो, असं त्याला कळलं. कुठला जंतू होता, फुलापाण्यातला की तिच्या पोटातलाच, ते त्यात लिहिलेलं असेल, म्हणाला. "तुह्या मनाले लागून हाय ना? आणू का?"

त्याला वाटतं, मनाला लागलीत ती पहिल्या दिवशीची फुलं; फांदीचं मी त्याला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. फुलापाण्यातला निघाला, तर मी माझ्या हातानं माझ्या बहिणीला मारलं. तिच्या पोटातला निघाला, तर एका डब्यातली फुलं तिला पहिल्या दिवसापासून देता आली असती, आणि ती रोज हात जोडल्यासारखी मागत असताना मी नाही म्हणत राहिले. तिसरं उत्तर त्या कागदात असूच शकत नाही. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. नको आणू, असं सांगून मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून रोज वाटतं, त्याला परत फोन करावा.